शिशाचा माग काढणारे सोन्याचे कण
कल्हईवाले, बॅटरीवाले, भंगारवाले, ओतारी, अत्तार आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी जरूर वाचावे असे काही

व्यापारात ज्याच्याकडे बारीक काटा असतो त्याचा शब्द चालतो. भुसाराच्या दुकानातला तराजू किलोचा हिशेब सांगतो, सराफाचा काटा गुंजेचा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक जुन्या लोकांना आजही पाठ असते. परंतु आता असा एक काटा तयार झाला आहे की, त्याच्यापुढे सराफाचा काटादेखील वखारीतल्या वजनकाट्यासारखा ढोबळ वाटावा. एका गुंजेचे सात कोटी भाग केले आणि त्यातला एकच भाग शिसे रक्ताच्या थेंबात मिसळले, तरी हा काटा ते पकडतो. त्याला लागते ती सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची एक पट्टी, थोडी वीज आणि तीन मिनिटांचा वेळ.

हा विषय प्रयोगशाळेतल्या विद्वानांचा आहे, आपल्याला त्याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणू नये. हा काटा ज्या शिशाचा माग काढतो ते शिसे आपल्या कारखान्यांत, दुकानांत आणि बऱ्याचदा दुकानामागच्या राहत्या खोलीत आहे. उद्या मालाचा नमुना परत आला तर कारण तेच असेल. आणि घरातले मूल अभ्यासात मागे पडत असेल, तर त्यामागेही तेच असू शकेल. म्हणून हा काटा कसा चालतो, त्याच्यावर कितपत विश्वास ठेवावा आणि आपण त्याचा उपयोग कसा करून घ्यावा, याची माहिती आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

शिसे आपल्या धंद्यात कोठे आहे?

प्रथम कल्हईचे पाहू. कल्हईला लागते ते कथील. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर शिसे ३२७ अंशांना. पण दोन्ही एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांच्या आसपासच पाणी होऊ लागते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या डागकामाला हेच मिश्रण सोयीचे पडते. शिसे कथलापेक्षा कितीतरी स्वस्त असल्यामुळे कल्हईच्या कथलातही ते मिसळण्याचा मोह होतो. भांड्यावर चकाकी येते, गिऱ्हाईक खूश होते, पण त्या भांड्यात चिंच, टोमॅटो किंवा दही पडले की शिसे अन्नात उतरू लागते.

ओतकाम आणि पितळकामातही शिसे आहे. लेथवर सहज कापले जावे म्हणून पितळेत दोन-तीन टक्के शिसे मुद्दाम घालतात. मोटारीच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातल्या प्लेटा वितळवण्याच्या धंद्यात तर शिसे धुराने, धुळीने आणि आम्लाच्या पाण्याने चहूकडे पसरते. जुन्या रंगाचे पापुद्रे घासून काढणाऱ्या रंगाऱ्याच्या नाकातही तेच जाते. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तथापि त्याआधी रंगवलेली दारे, खिडक्या आणि ग्रील आजही घराघरांत आहेत.

अत्तारांच्या दुकानातला सुरमाही तपासून घेण्यासारखा आहे. काळाभोर, चमकदार दगडी सुरमा बहुतेक वेळा गॅलेना या खनिजाचा, म्हणजे लेड सल्फाइडचा असतो. शुद्ध गॅलेनाच्या शंभर ग्रॅममध्ये ८६ ग्रॅमहून अधिक शिसेच असते. लहान मूल डोळे चोळते आणि तोच हात तोंडात घालते. सुरमा लावण्याची चाल आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तिच्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे नाही. डबीतला सुरमा कशाचा बनला आहे, एवढा प्रश्न मात्र विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

शिशाचे विष गुपचूप काम करते. त्याला चव नाही, वास नाही. मोठ्या माणसांत ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाला इजा करते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पोटात गेलेल्या शिशापैकी जितके मोठ्या माणसाच्या अंगात भिनते त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात भिनू शकते, आणि शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे असा अंदाज दिला आहे. यांपैकी बहुतेक मुलांच्या आईबापांना त्याची कल्पनाही नसते, कारण कोणी मोजलेलेच नसते.

मुलामा चढवा, मुलामा उतरवा

हे मोजमाप कसे होते ते गिलीटकाम करणाऱ्या कारागिराला चटकन कळेल, कारण मुळात ते त्याचेच काम आहे.

गिलीटाच्या टाकीत काय होते? पाण्यात धातूचे क्षार विरघळलेले असतात. दागिना ऋण टोकाला जोडतात, वीज सोडतात आणि पाण्यातला धातू दागिन्यावर येऊन बसतो. वीज उलटी केली तर बसलेला थर पुन्हा पाण्यात उतरतो. खराब मुलामा काढून टाकण्यासाठी कारागीर हेच करतात. चढवताना आणि उतरवताना किती वीज लागली याचा हिशेब धातूच्या वजनाशी पक्का बांधलेला असतो. हा नियम मायकेल फॅरडे यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. शिशाच्या बाबतीत एका अणूमागे दोन इलेक्ट्रॉन, असा रोखीचा हिशेब आहे. उधारी नाही, सूटही नाही.

शिसे मोजण्याचे यंत्र म्हणजे याच टाकीची बोटाच्या नखाएवढी आवृत्ती होय. नमुन्याचा थेंब पट्टीवर पडला की यंत्र पट्टीला ठराविक ऋण दाब देते. थेंबात विखुरलेले शिसे हळूहळू पट्टीवर येऊन बसते. ही झाली गोळाबेरीज. मग यंत्र दाब उलट दिशेने क्रमाक्रमाने वाढवत नेते. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या दाबाला पट्टी सोडतो. शिशाचा दाब आला की बसलेले सगळे शिसे एकदम सुटते आणि विजेच्या आलेखावर एक शिखर उमटते. शिखर कोणत्या दाबाला आले यावरून धातू ओळखायचा आणि शिखर केवढे यावरून त्याचे प्रमाण सांगायचे. या पद्धतीला ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री असे लांबलचक नाव आहे. आपण तिला ‘चढवा-उतरवा मोजणी’ म्हणू.

हिची सारी करामत आधी गोळा करून मग मोजण्यात आहे. रस्त्यावर विखुरलेले दाणे एकेक करून मोजणे कठीण. तेच झाडून एका ओंजळीत घेतले की मोजणी सोपी होते.

सोनेच का आणि तेही कणांच्या रूपात का?

या मोजणीचा उगम प्राग शहरातला. तेथील शास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली पाऱ्याच्या टपकणाऱ्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरून द्रावणातले धातू ओळखण्याची रीत शोधली. १९५९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पाऱ्याच्या लटकत्या थेंबात धातू आधी साठवून मग उतरवण्याची युक्ती आली आणि मोजणी कितीतरी बारीक झाली. पाऱ्यात शिसे, कथील, जस्त हे धातू सहज मिसळतात, म्हणून तो या कामाला उत्तम. पण पारा स्वतःच विष आहे. शिशाचे विष शोधण्यासाठी दवाखान्यात पाऱ्याचे थेंब खेळवणे म्हणजे चोर पकडायला दरोडेखोर नेमण्यासारखे झाले. २०१३ साली मिनामाता करार झाला, २०१७ मध्ये तो अमलात आला, आणि पाऱ्याचा वापर कमी करण्याचे बंधन जगातील अनेक देशांनी स्वीकारले. भारतही त्यात आहे.

पाऱ्याची जागा घेणाऱ्या धातूंत सोन्याचा मान मोठा आहे. सोने गंजत नाही, आम्लाला सहसा दाद देत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिशाचा पहिला थर सोन्याला फार घट्ट बिलगतो. शिशाचे शिशाशी जितके जमते त्याहून सोन्याशी अधिक जमते. त्यामुळे नमुन्यात शिसे अगदी थोडे असले तरी ते सोन्यावर येऊन बसते आणि उतरताना स्वच्छ, टोकदार शिखर देते.

आता कणांचा हिशेब पाहा. एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा सोन्याचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच सोन्याचे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. आपल्या हिशेबाने सुमारे ६,४५० चौरस फूट! सोने तेवढेच, पण शिशाला बसायला जागा लग्नाच्या हॉलएवढी. म्हणून सोन्याचे असे कण शाईसारख्या मिश्रणात घालून प्लास्टिकच्या पट्टीवर छापतात. कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करतात तशाच जाळीतून ही छपाई होते. एका पट्टीला सोने नाममात्र लागते, म्हणून ती एकदा वापरून फेकून देणे परवडते. मधुमेहाचे रोगी साखर तपासायला ज्या पट्ट्या वापरतात त्या याच कुळातल्या आहेत.

सोन्याशिवाय इतर धातूही या कामी येतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाचे जोसेफ वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली बिस्मथचा थर वापरून शिसे आणि कॅडमियम मोजून दाखवले. पाण्यातील आर्सेनिक, म्हणजे सोमल, शोधायलाही सोन्याचे कण वापरता येतात. बंगालच्या विहिरींतील सोमलाचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे मोल कळेल.

थेंबभर रक्त आणि तीन मिनिटे

ही विद्या बाजारात आणणारे प्रसिद्ध यंत्र म्हणजे ‘लेडकेअर’. १९९० च्या दशकात ते अमेरिकेत तयार झाले. त्याची सुधारलेली आवृत्ती साध्या दवाखान्यांत, खास प्रयोगशाळेशिवाय वापरण्यास २००६ साली तेथे मोकळीक मिळाली. पट्टीवर सोन्याच्या कणांचा इलेक्ट्रोड असतो. बोटाला टोचून ५० मायक्रोलिटर रक्त घेतात, म्हणजे एक मोठा थेंब. रक्तातले बहुतेक शिसे तांबड्या पेशींच्या आत दडलेले असते. म्हणून थेंब आधी सौम्य आम्लाच्या द्रावणात मिसळतात. पेशी फुटतात, शिसे मोकळे होते, मग मिश्रण पट्टीवर ठेवतात. तीन मिनिटांत आकडा येतो. ३.३ ते ६५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही त्याची मोजण्याची कक्षा आहे.

अमेरिकेत २०२१ पासून मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम हा दखल घेण्याचा आकडा धरतात. १९९१ मध्ये तो १० होता, २०१२ मध्ये ५ वर आला. काटा जसजसा बारीक झाला आणि शिशाच्या परिणामांची माहिती वाढली, तसतशी मर्यादा खाली आली. ३.५ च्या आकड्याला त्या एका थेंबात शिसे असते एका ग्रॅमच्या सत्तावन्न कोटी भागांपैकी एक भाग. लेखाच्या सुरुवातीला गुंजेचा जो हिशेब दिला तो हाच.

मोजणीने काय साधते याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९९० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे असताना मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० मायक्रोग्रॅमच्या वर शिसे आढळले होते. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यानंतरच्या पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. आकडे हाती होते म्हणून पेट्रोलमधले शिसे काढल्याचा फायदा दिसला. त्याचबरोबर उरलेले शिसे पेट्रोलखेरीज दुसरीकडून येत आहे, हेही दिसले. ते दुसरीकडे म्हणजे कोठे, याची यादी आम्ही वर दिलीच आहे.

काट्यातही खोट असू शकते

व्यापाऱ्याला तराजूवर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. वर्षाकाठी काट्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मापात कमी देणाऱ्यांविषयीची ताकीद आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. या यंत्राच्या बाबतीतही असेच एक प्रकरण घडले आणि ते सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की, मॅगेलन डायग्नोस्टिक्स या कंपनीच्या लेडकेअर यंत्रांवर शिरेतून काढलेले रक्त तपासू नये, कारण आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताला हा इशारा लागू नव्हता. सहा वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांपैकी ज्यांची तपासणी अशा रीतीने झाली होती, त्यांतल्या अनेकांना पुन्हा रक्त तपासून घेण्यास सांगण्यात आले. पुढे तपासात बोट ठेवले गेले ते रक्ताच्या नळ्यांच्या रबरी बुचावर. रबरात थायुराम नावाचे रसायन असते, त्यातून सुटणारे गंधकाचे वायू रक्तात मिसळून शिशाला धरून ठेवतात आणि मग ते सोन्याच्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, असा निष्कर्ष निघाला. २०२१ साली बोटाच्या रक्ताच्या काही किटही कमी आकडा दाखवतात म्हणून परत मागवण्यात आल्या. यंत्रांतील दोष माहीत असूनही तो लपवल्याबद्दल मे २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा मान्य करून ४ कोटी २० लाख डॉलर भरण्याचे कबूल केले.

यातून घ्यायचे ते काय? पद्धत खोटी नव्हती, काटा चांगलाच होता. पण नमुना कशात धरला, बूच कसले होते, या बारीक गोष्टीने तोल बिघडला. आणि दोष दिसल्यावर तो ताबडतोब सांगण्याऐवजी दाबून ठेवला गेला. त्यात मुलांच्या आईबापांना ‘काळजी नको’ असे सांगितले गेले, जेव्हा काळजी करायला हवी होती.

उलटी चूकही होते. बॅटरी किंवा कल्हईचे काम करणाऱ्याच्या बोटावर शिशाची धूळ असते. हात नीट न धुता बोट टोचले तर ती धूळ थेंबात जाते आणि आकडा फुगतो. म्हणूनच या यंत्राचा आकडा हा पहिली चाहूल मानावा. तो जास्त आला तर शिरेतले रक्त मोठ्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस किंवा ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन पद्धतीने तपासून खात्री करून घ्यावी. मुंबई-पुण्यातील मोठ्या प्रयोगशाळांत ही सोय आहे.

हळदीचा धडा

मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी बांगलादेशातील हळदीची हकिकत जरूर ऐकावी. तेथे ऐंशीच्या दशकात मोठे पूर आले, हळद भिजून निस्तेज झाली. तिला रंग आणण्यासाठी काही जणांनी लेड क्रोमेट हा पिवळाजर्द रंग वापरायला सुरुवात केली आणि मग ती वहिवाटच पडली. लेड क्रोमेटच्या वजनात ६४ टक्के शिसे असते. किलोभर हळदीत एक ग्रॅम रंग मिसळला तर दशलक्ष भागांत ६४० भाग शिसे होते. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची हळदीसाठी मर्यादा आहे १० भागांची. म्हणजे चिमूटभर रंगाने मर्यादेच्या ६४ पट!

२०१९ साली संशोधकांनी हे उघड केल्यावर तेथील अन्नसुरक्षा खात्याने बाजारांत सूचना लावल्या. ढाक्याच्या शामबझार या घाऊक पेठेत हातात धरण्याच्या क्ष-किरण यंत्राने जागेवर माल तपासला आणि दोषी घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला. बाजारातल्या नमुन्यांत भेसळीचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, २०२१ मध्ये ते शून्यावर आले. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्या मजुरांच्या रक्तातले शिसेही जवळपास तीस टक्क्यांनी घटले. विष सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मजुरांच्या अंगात जात होते, आणि सुटकाही प्रथम त्यांचीच झाली.

हिंदुस्थान, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतील २३ शहरांतून जमवलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत दशलक्ष भागांत २ पेक्षा जास्त शिसे निघाले. पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत ते १,००० च्याही वर होते. सांगली आणि वसमतच्या पेठांचे नाव हळदीमुळे देशभर झाले आहे. परगावाहून आलेल्या एखाद्या रंगवलेल्या गोणीमुळे त्या नावाला बट्टा लागू नये, याची काळजी व्यापाऱ्यांनीच घेतली पाहिजे. हळद, मसाला किंवा सुरमा थेट पट्टीवर टाकून चालत नाही. तो आधी आम्लात पूर्ण विरघळवावा लागतो आणि मगच चढवा-उतरवा मोजणीने किंवा इतर पद्धतीने तपासता येतो. म्हणून ते काम प्रयोगशाळेचेच.

आपण काय करावे?

कल्हईवाल्यांनी कथील पक्क्या बिलावर आणि शुद्धतेच्या दाखल्यासह घ्यावे. शुद्ध कथलाची कांब कानाजवळ धरून वाकवली की कडकड आवाज येतो, आणि शिसे कागदावर ओढले की करडी रेघ उमटते, हे जुन्या कारागिरांना माहीत आहे. पण या परीक्षा ढोबळ आहेत, थोडीशी भेसळ त्यांत सापडत नाही. दरवेळी शक्य नसले तरी नवीन ठिकाणचा माल घेताना एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा. चार-पाच कारागिरांनी मिळून खर्च वाटून घेतला तर तो कोणालाच जड जात नाही.

भंगार आणि बॅटरीच्या धंद्यातल्या बांधवांनी बॅटऱ्या घराच्या अंगणात किंवा गल्लीत फोडू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडेच द्याव्यात. कामाचे कपडे कामाच्या जागीच बदलावेत, ते घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. भट्टीजवळ चहा-बिडी, जेवण नको. मुलांना डबा घेऊन कारखान्यात पाठवण्याची सवय मोडावी.

मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी हळकुंडाच्या मोठ्या खरेदीवर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा शिशाचा अहवाल मागावा आणि तो बिलासोबत जपून ठेवावा. अत्तारांनी सुरम्याच्या डबीवर ‘शिसेविरहित’ लिहिले आहे एवढ्यावर भागवू नये, अहवाल पाहावा.

ज्या घरात यांपैकी कोणताही धंदा चालतो, त्या घरातल्या सहा वर्षांखालील मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे रक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा तपासून घ्यावे. बोटाची तपासणी असेल तर आधी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. आकडा वाढलेला निघाला तर घाबरून औषधांच्या मागे धावू नये. शिसे उतरवणारी औषधे मुलांना साधारण ४५ मायक्रोग्रॅम आणि त्यावरच देतात, तीही इस्पितळाच्या देखरेखीत. त्याखाली खरा उपाय एकच, शिसे कोठून येते ते शोधून तो रस्ता बंद करणे. जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले तर अंगात शिसे कमी भिनते, म्हणून मुलांना दूध, डाळ, पालेभाज्या द्याव्यात.

हे वाचून काही बांधवांना वाटेल की, तपासणीची ही नवी पीडा गरिबाच्या पोटावर पाय आणणार. आमचे मत वेगळे आहे. काटे दिवसेंदिवस बारीक आणि स्वस्त होत जाणार, ते कोणी थांबवू शकत नाही. आज शिसे प्रयोगशाळेत पकडले जाते, उद्या गिऱ्हाईक दुकानात उभे राहून पट्टी लावून पाहील. तेव्हा दुसऱ्याने आपला माल मोजण्याआधी आपणच तो मोजून घ्यावा, यात शहाणपण आहे. ज्या कल्हईवाल्याच्या कथलात शिसे नाही, ज्या हळदीच्या व्यापाऱ्याजवळ अहवाल आहे, त्याला हा बारीक काटा शत्रू नाही, साक्षीदार आहे. आणि कारखान्यामागच्या खोलीत खेळणाऱ्या मुलाला तर त्याच्याइतका जवळचा मित्र दुसरा नाही. शिसे अंगात शिरताना त्या मुलाला काही कळत नाही, आईबापालाही दिसत नाही. सोन्याच्या कणांना मात्र ते दिसते.